त्रासाचे चार शब्द

...आणि वर आमचे नागपूरचे सबएडिटर मलाच शिकवतात, इंग्रजी पेपरात शब्द नेमका हवा! अहो, हवा ना! मी कुठे नाही म्हणतो? बी.ए. इंग्लिश आहे मी, वीस वर्षं चंद्रपुरात बातमीदार म्हणून साहेबलोकांशी भांडतोय!

तुम्हाला सांगतो, एक्क्याऐंशी साल, गडचिरोली जिल्हा अजून व्हायचा होता. कुरखेड्याकडून दोन बसगाड्या बदलून दहा ढिवर माझ्या ओसरीवर! गावच्या तळ्यात पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारी माणसं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच तळ्याचा लिलाव! म्हातारा सोमाजी म्हणाला, "भाऊ, उद्या सकारी पेपरात आलं तं सायेब थांबवन, असा कचेरीतला बाबू सांगे."

तारघरात निरोप धाडला, थांबा म्हणून, आणि बसलो नागपूरला तार लिहायला. गावकरी... काय? अनॉइड? छे! ते कानाशी डास गुणगुणला की. इरिटेटेड? तोच डास चावला, माणूस खाजवतोय. व्हेक्स्ड? तो साहेबी त्रास, त्याला खुर्ची लागते, वर पंखा. एक्झॅस्परेटेड? मच्छरदाणी खोचली आणि डास आत...! जवळ आलो होतो हो! पण शब्द नेमका हवा ना! काढली डिक्शनरी.

सोमाजीची सून कुंता म्हणते, "का पाहून राह्यले, भाऊ?"

"तुम्हाला कसं वाटतंय, त्याचा शब्द."

"मंग मले इचारा ना! मी तं इथीच बसली आहो!"

विचारलं मी? हातानंच गप्प केलं तिला. शब्द नेमका हवा ना!

धावत तारघर गाठलं, तर तारबाबू देवराव खिडकी लावतोय! मी ओरडलो, प्रेस आहे, वर तक्रार करीन! तो शांतपणे म्हणाला, "काऊन वरडून राह्यले? तुमचा निरोप आला तवापासून वाटच पाह्यली ना मी. आता लाईन बंद."

झाला लिलाव.

महिन्याभरानं आमच्याच रस्त्यावर कुंता दिसली, गिट्टी फोडताना. मला बघून हातोडा थांबवला. "भाऊ, भेटला का थो शब्द?"

टोमणा नव्हता हो... खरंच विचारत होती!

घरी येऊन डिक्शनरी उघडली. लाजेलाही चार शब्द निघाले. या वेळी नेमका कोणता, ते बघत नाही बसलो... चारही माझेच.