दत्त्यापेक्षा मोठा कंट्रोलर

तुमी हसा, पण माझा मावसभाऊ दत्ता डीजे झाला तवापासून माझा नुसता जळफळाट चाललता. छोटा, दोन चॅनेलचा कंट्रोलर, म्हंजी लॅपटॉपला जोडून गाणी वाजवायची मशीन, घेऊन त्यानं पाटोद्यात नाव केलं. मग मीबी कंट्रोलर घ्यायला बीडला गेलतो. दुकानदारानं इचारलं, "लॅपटॉपवर सॉफ्टवेअर कोणतं हाय?"

"ते राहू द्या. दत्त्यापेक्षा मोठा दाखवा."

बजेट बेताचं, म्हणून चार चॅनेलचा जुना उचलला. बहिणीच्या हळदीला जोडला, तर दिवे लागले पण गाणं वाजेना. दत्तानं येऊन बघितलं.

"अरे, याचं सॉफ्टवेअर येगळं इकत घ्यावं लागतं. माझ्या कंट्रोलरसंगं फुकट आलतं. मला कावून न्हाई इचारलंस?"

त्यानं गाडीतून स्वतःचा कंट्रोलर अन् लॅपटॉप आणला. "घे, तूच वाजव."

मी वाजवलं, सगळा मांडव नाचला. आई घामाघूम होऊन आली अन् दत्ताच्याच पाठीवर थाप मारली, "लई भारी वाजवलंस रे!"

"मी न्हाई मावशी, यानं वाजवलं."

"असू दे. मशीन तर तुझीच हाय ना!"

मशीन काय, मी कवाबी घेईन. पण त्याच्या जागी मी असतो, तर ते 'मी न्हाई मावशी' माझ्या तोंडातून निघालं नसतं, अन् त्याचाच मला अजून हेवा वाटतो.