विजया तुम्हाला काय म्हणाली?

हॅलो?… हॅलो, कोण? सरलावहिनी?… हो हो, मीच, माणिक. आवाज असा येतोय कारण नाक चोंदलंय… नाही हो, रडत नव्हतो. लखनौची जानेवारी आहे, सर्दी होणारच.

मंडळात? नाही आलो… माहीत होतं आज तिळगूळ आहे. निरोप आला होता… अहो, पण येऊन करायचं काय? विजया गेल्यानंतरची पहिली संक्रांत. सगळ्या बायका हळदीकुंकू लावत फिरणार आणि मी एका कोपऱ्यात कागदी ताटली धरून उभा. त्यापेक्षा घरीच बरं.

श्रीरंग काय म्हणतो?… अच्छा. सलग झोपतो आता? एकदाही उठत नाही?… वा. छान. मजा आहे बुवा त्याची.

नाही, तिरकस नाही बोललो… बरं, बोललो. पण मागच्या भेटीत त्याने अर्धा तास स्वतःच्या प्रोस्टेटची कथा सांगितली. दुर्बिणीतून ऑपरेशन कसं झालं, धार कशी लागली… हो, चार लोकांत! आणि मध्येच तुमच्याकडे वळून विचारतो, ‘सरला, मला किती दिवस नळी होती गं?’ स्वतःच्या अंगातली नळी, आणि हिशोब बायकोकडे.

हसा. तुम्हाला हसू येतंय. मला तेव्हा उठून जावंसं वाटलं होतं.

माझं? माझं काय… आहे तसंच आहे. रात्रीची गोळी घेतो ना… घेतो हो. चहा संध्याकाळनंतर बंद केलाय. एकदा जाऊन आलं की थोडं थांबून पुन्हा जायचं, ते पण करतो. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं करतो.

सर्दी? दोन दिवस झाले. चौकात गेलो होतो सकाळी सकाळी, मलई-मक्खन खायला. धुकं होतं… एकटाच. विजयाला आवडायचं म्हणून. खाल्लं, परत आलो, शिंका सुरू… घेतलं ना औषध. खालच्या मेडिकलवाल्या भैयाने गोळ्या दिल्या. नाक मोकळं होतं आणि झोप लागते म्हणाला… नाही, त्याला कशाला सांगू मला प्रोस्टेट आहे म्हणून? दुकानात चार बायका उभ्या होत्या.

का? काय झालं?… अहो, ओरडता काय?… सर्दीच्या गोळीने? नाकाच्या गोळीचा लघवीशी काय संबंध?… डॉक्टरांनी श्रीरंगला बजावलं होतं? मला नाही बजावलं… सांगितलंही असेल, माझं लक्ष नसेल. माझ्या बाजूच्या खुर्चीत लक्ष द्यायला कोणी नव्हतं ना.

तीन. नाही, दुपारची धरून चार गोळ्या… बरं, नाही घेत आता. ठेवली बाजूला.

वहिनी, हा काय प्रश्न झाला?… नाही, लाजत नाही, पण तुम्ही विचारायचं आणि मी सांगायचं… द्या, श्रीरंगकडेच द्या फोन.

हां, बोल रे… सकाळी. सकाळी थोडी झाली. थेंब थेंब… त्यानंतर नाही. जाऊन उभा राहतो, नळ सोडून ठेवतो, काही होत नाही… हो, दुखतंय. ओटीपोट दगडासारखं झालंय. बसलं की जास्त… काय केलं? पाणी प्यायलो. चांगले तीन तांबे. म्हटलं जोर वाढला की सुटेल… गाढव तू! तुला काय रे, तुला ग्लाससुद्धा हातात मिळतो. मी माझ्या अकलेने केलं ते केलं.

अरे, ऐक ना… नाही, मी कुठे जात नाहीये. गरम पाण्याची पिशवी ठेवलीय. उद्या सकाळी बघू… आज रविवार, ओपीडी बंद असते… इमर्जन्सीत? तिथे जाऊन काय सांगू? अपघात नाही, छातीत दुखत नाही. त्या पोरसवदा डॉक्टरसमोर म्हणू, बेटा, पेशाब नहीं हो रहा?

सोपं आहे तुला बोलायला. तू गेलास तेव्हा कपडे कोणी सोडले, फाईल कोणी धरली, लघवीची पिशवी कोणी उचलली? तुझं सगळं झालं, तू नुसता पडून राहिलास. मला हेवा वाटतो तुझा. हो, वाटतो! ऑपरेशनचा नाही रे… तिचा. ती तुझ्यावर खेकसते ना, त्याचा. जा, तिच्याकडे दे.

हां, वहिनी… ऐकलं ना तुम्ही? मग झालं… किडनीवर? एवढ्यात?… तसं झालं होतं कुणाला?… अच्छा.

नाही, अवनीला नाही सांगायचं. पुण्याहून ती काय करणार? आणि मुलीला मी हे असलं… नाही म्हणतो ना. तुम्हाला शपथ आहे.

वहिनी, तुम्ही माझ्या इतक्या मागे का लागलाय? तुमचा नवरा बरा झाला, आता त्याला सांभाळा ना… काय?

परत म्हणा… विजया म्हणाली?

कधी?… हॉस्पिटलात? शेवटच्या आठवड्यात?… मी तर तिथेच असायचो… हां, डबा आणायला जायचो तेव्हा. काय म्हणाली?… ‘ह्यांचं दुखणं वाढणार. ते लाजतात, सांगणार नाहीत. तू विचारत जा.’… असं म्हणाली?

थांबा. एक मिनिट थांबा.

तुम्हाला म्हणाली. मला नाही… मला काय सांगत होती माहीत आहे? गॅस बंद केला का. दूधवाल्याला नाही म्हणा. गॅलरीतली चादर आत घ्या. इतके दिवस मी तेच धरून बसलोय, की शेवटी आमचं बोलणं झालं ते चादरीबद्दल. आणि खरं बोलणं तुमच्याशी करत होती… तुमचा दोष नाही, कळतं मला. पण राग येतोय. तुमचाही येतोय, तिचाही येतोय.

अजून काय म्हणाली?… अजून काही म्हणाली का? तुम्ही गप्प का झालात?… म्हणजे म्हणाली. सांगा… नाही, आत्ताच सांगा. फोनवर काय होतं? सांगा ना… हे बघा, मी इथे दुखण्याने वाकलोय आणि तुम्ही… हॉस्पिटलात? मी पोचलो तर सांगाल?

वहिनी, ही सौदेबाजी झाली… तिच्याच मैत्रीण तुम्ही, दुसरं काय करणार.

पण तुमच्या वृंदावन योजना कॉलनीतून इकडे माझ्या महानगर भागात यायला तुम्हाला तास लागेल, ह्या धुक्यात… थेट तिथेच? आणि मी कसा जाऊ? स्कूटर चालवता येणार नाही, पायात पाय अडकतोय… तिवारीजी? शेजारी आहेत, पण त्यांना काय सांगू?… तुम्ही कराल फोन? भाभींना? अहो, म्हणजे सगळ्या जिन्याला कळेल… कळू दे म्हणता. बरं. करा. करा फोन… हां, दुसऱ्या फोनवरून करा, मी धरतो.

…हो, ऐकतोय. आहे मी… निघतायत? गाडी काढतायत?

घेतो. रात्रीच्या गोळीची पट्टी, ही सर्दीचीपण घेतो, डॉक्टरला दाखवायला. सोनोग्राफीची फाईल कपाटात आहे… शाल घेतली… नळी घालताना दुखतं का हो? श्रीरंगला विचारा… फार नाही? आणि मग लगेच मोकळं होतं?… देवा, तेवढं झालं तरी पुरे.

वहिनी. एक ऐका. पोचल्यावर टाळायचं नाही. तिचे शब्द सांगायचे, तुमचे नाही. ती हसली असेल तर कुठे हसली तेपण सांगायचं. चिडली असेल माझ्यावर, तर तेही.

काय म्हणतो तो? श्रीरंग पण येतो?… नाही. नाही वहिनी, त्याला आणू नका… मदत होईल, मान्य आहे. मला उचलू दे, धरू दे, उद्या येऊन हवं ते करू दे. पण ते सांगाल तेव्हा तो तिथे नको. त्याच्याशी तुम्ही रोज बोलता. सकाळपासून रात्रीपर्यंत बोलता. माझ्या वाटणीचं तेवढंच उरलंय, ते मी त्याच्यासमोर वाटून घेणार नाही.

रागावू दे. घरी बसून रागावू दे त्याला.

बेल वाजली… आ रहा हूँ, तिवारीजी! दो मिनट, धीरे चलना पड़ रहा है!… ठेवतो, वहिनी. तुम्ही निघा. एकट्याच या.