फोटोतला बोकड

चंद्रभान : सात हजार, गोजरमावशी. त्याच्या वर एक रुपया न्हाई. गंगाखेडच्या बाजारात बोकडाला कुणी विचारंना.

गोजरबाई : सातात शिलाई मशीन येत न्हाई बाबा. यंदा माज्या सुनंला, ह्या रेणुकाला, ऊसतोडीला धाडायचं न्हाई, म्हणून तर बोकड विकायलेय.

चंद्रभान : मी काय करू? बाजारच पडलाय. दहा वर्षं झाली, राणीसावरगावला येतो, तुमच्या दारातून जनावर नेतो, गाडीभाडं माजं. तोट्यात जायलोय मी, निव्वळ तुमच्या मायेपायी.

गोजरबाई : तोट्यात हाईस, मग पोट कसं सुटलं रं?

चंद्रभान : ते गॅसचं हाय, मावशी.

रेणुका : आत्याबाई, थांबा जरा. म्या काल बोकडाचा फोटो टाकलाय, मोबाईलवरच्या बकरीवाल्यांच्या ग्रुपात. सेलूपासून पूर्णेपर्यंतची माणसं हाईत त्यात. वजन बी लिहिलं, तीस किलो.

गोजरबाई : मग?

रेणुका : एकजण नऊ म्हणला, एकजण दहा. आज सकाळी एकानं अकरा हजार लिहिलं. ‘दुसऱ्याला देऊ नका, आजच नेतो’ म्हणलाय.

चंद्रभान : मोबाईलवरच्या माणसाचं काय खरं, पोरी? ना तोंड दिसतं, ना गाव ठाऊक. आपला माणूस तो आपला माणूस.

गोजरबाई : नाव काय म्हणं त्याचं?

रेणुका : नाव न्हाई. नुसतं ‘किंग’ लिहिलंय. अन् वाघाचा फोटो.

गोजरबाई : अगं बया! वाघाला बोकड द्यायचा व्हय?

चंद्रभान : वाघ? ...जाऊ द्या मावशी, साडेसात घ्या.

रेणुका : फोन लावूनच बघते.

चंद्रभान : नको नको! आठ! आठ देतो!

(चंद्रभानच्या खिशात फोन वाजतो.)

गोजरबाई : घे की. कुणीतरी बोलवायलंय.

चंद्रभान : राँग नंबर आसंल.

रेणुका : म्या कट केला... ह्यांचा बी वाजायचा थांबला बघा. परत लावते... वाजला.

गोजरबाई : चंद्रभान, वाघ तू हाईस व्हय रं?

चंद्रभान : तो वाघाचा फोटो मेव्हण्यानं टाकलाय... मावशी, आज एका पार्टीला बोकड द्यायचाच हाय. समदे बोली चढवायले, मी बी चढवली. तुमचाच हाय हे मला काय ठाऊक? फोटोत लय देखणा दिसायला!

रेणुका : आंघोळ घातली होती. शिंगाला तेल बी लावलं होतं.

गोजरबाई : मग किती, वाघोबा?

चंद्रभान : आता लिहूनच बसलोय म्हणल्यावर... अकरा. घ्या मोजून. निघतो मी, पलीकडच्या कस्तुराबाईचे बी दोन बोकड बघायचेत.

गोजरबाई : बस की, चहा टाकते. तवर रेणुका तिच्याकडं जाऊन फोटो काढून येती.