अरबी रीतीनं मागितलेली परवानगी

आमच्या कामरगावची, शेजारच्या घरची शबाना मदरशात अरबी शिकलेली. ते मले इंग्रजी अन् अरबी पेपरातले लेख समजावून सांगे. म्हणे, "आजी, इंग्रजीवाला आपलं म्हणणं पयलेच मांडते, मंग कारणं देते. अरबीवाला तेच घोळून घोळून सांगते, मनात उतरेपर्यंत."

तिले शिकाले नागपूरले जायचं होतं. अब्बाले तिनं तीन कारणं दिली. अब्बा म्हणे, "वकील झाली काय? नाई जायचं."

मी म्हटलं, "आता अरबीवाल्यासारखं सांग."

मंग रोज चहासंगं तेच मागणं. कधी लाडानं, कधी गेलेल्या दादीची याद काढून. पाचव्या दिवशी अब्बा म्हणे, "जा माय."

एसटी सुटेपर्यंत अब्बा खिडकीपाशी म्हणत राह्यला, "पोचली की फोन कर." चारदा म्हणला.

शबाना डोळे पुसत म्हणे, "आजी, अब्बाले अरबी कोनं शिकवली?"