अनुष्काच्या वडिलांना दाखवलेला टेक्स्टबॉक्स

नाही नाही, काका, सॉफ्टवेअरच. स्थळ सांगताना मावशीनं जे सांगितलं ते खरंच आहे. तुम्ही विचारलंत, ‘सत्यजीतराव, नक्की काय करता?’ — म्हणून नक्की सांगितलं, खोकी रंगवतो. बसा ना. त्या खुर्चीचा हात तेवढा धरू नका, निघतो. हे बघा, एका दवाखान्याचं काम, पेशंटचं नाव टाइप करायला ही पांढरी जागा आहे ना — हा टेक्स्टबॉक्स. विंडोज तो आयता देतं, कडेला राखाडी रेघ, अगदी सरकारी. बटण कसं, हवं तसं रंगवून घेतं. यादीसुद्धा घेते. हा मात्र — रंगवलात की गप्प बसतो, आणि कुणी एक अक्षर टाइप केलं की आपला जुना चेहरा घेऊन हजर. मग? मग मीही हट्टाला पेटलो. त्याचं स्वतःचं रंगवणंच बंद केलं. रेघ मी काढणार, अक्षरं मी काढणार, ते लुकलुकतं ना, कर्सर — तेही मीच. अख्खा उन्हाळा गेला त्यात.

दवाखान्याला काय हवं होतं? काही नाही. डॉक्टर म्हणाले, साधा चालेल हो, केसपेपर लवकर निघू दे. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्हाला यातलं कळत नाही. आणि रेघच काढून टाकली — खोकं कुठे सुरू होतं ते कळतच नाही, इतकं सुंदर. काउंटरवरच्या सोनाबाईंनाही कळेना. त्यांनी काय करावं? मॉनिटरच्या काचेवर टिकल्या चिकटवल्या. नावाला लाल, वयाला हिरवी. टिकलीवर नेम धरून क्लिक करायचं. छान चाललं होतं — मग कुणीतरी स्क्रीनवरची विंडो जराशी सरकवली, आणि सगळ्या नवीन पनवेलची वयं पत्त्याच्या खोक्यात जाऊन पडली. हसताय काय, काका? आता चूक कुणाची? सरकवणाऱ्याची. खारघरहून दुसऱ्या कुणाला बोलावलंय म्हणे डॉक्टरांनी. येऊ दे. माझं काम उघडून बघेल आणि हात जोडेल.

पण तुम्ही काहीतरी सांगायला आला होतात ना — मीच बोलत बसलो. अनुष्काचं? बोला की.

हो का.

नाही, ठीक आहे, तिच्या आयुष्याचा प्रश्न आहे. काय म्हणाली पण? — एकही प्रश्न विचारला नाही? मी? विचारला ना. कर्नाळ्याला आम्ही भेटलो त्या हॉटेलात — लॅपटॉप होताच बरोबर — दोन खोकी दाखवली, विचारलं, यातलं कुठलं आवडलं? ती म्हणाली, डावं. मग उजवं कसं बरोबर ते मी समजावलं तिला. चहा गार झाला, दुसरा मागवला, तोही — ती ऐकत होती हो, मान हलवत होती. मला वाटलं, जमलं. घरी सगळ्यांना सांगूनसुद्धा बसलो. आवडली होती मला, काका, खरंच आवडली होती. तिला एवढं सांगाल, की डावंच — नको. राहू दे. काही सांगू नका.

जिन्यातला दिवा गेलाय. भिंतीला धरून उतरा.