दह्यात ते आलं कुठून?

काकू, आणि इथं जमलेल्या सगळ्यांनो,

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. प्रयोगशाळेत आम्ही दिवसभर गप्पच असतो. आज या शोकसभेत बोलायची वेळ येईल, असं कधी वाटलं नव्हतं. पण मेश्राम सरांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

मी नोकरीला नवीन होते. पदार्थ टिकावेत म्हणून टाकलेली रसायनं मोजायची, हे आमचं काम. जरीपटक्यातल्या एका बाईंच्या डेअरीतलं दही तपासायला आलं. मी नमुना गाळला, मशीनला दिला. पडद्यावर रेघ वर चढली. बेंझोइक आम्ल. थोडंसंच, पण होतं. दह्यात ते टाकायला परवानगी नाही. मी लिहून टाकलं, नमुना नापास. बाईंचा परवाना जाणार होता.

सरांनी सही केली नाही.

"इतकंसं टाकून दही टिकते का वं?"

"नाही, सर."

"मंग काहून टाकलं असन तिनं?"

मला राग आला. मशीन खोटं सांगते का? मी पुन्हा चालवली. तेच आलं.

सर म्हणाले, "मशीन बरोबरच हाये. किती हाये, ते तिनं सांगतलं. कोठून आलं, ते आपल्याले शोधा लागते."

दुसऱ्या दिवशी सरांनी घरून दूध आणलं. अर्धं तसंच ठेवलं, अर्धं माझ्यासमोर विरजलं. काकू, विरजण तुमच्याच घरचं होतं. मग दोन्ही तपासलं. दुधात काही नाही. दह्यात तीच रेघ. चमचाभर विरजणातून एवढं येणं शक्यच नव्हतं.

कुणी काही टाकलं नव्हतं. दूध विरजताना विरजणातले जिवाणूच दुधापासून ते थोडंसं तयार करतात. पुस्तकात हे होतं. मी वाचलं नव्हतं. सर मात्र पडद्यासमोरून उठेनात. "पाह्य वं, काय मजेची गोष्ट हाये," म्हणत राहिले.

सर मवाळ होते, असं समजू नका. एका सॉसमध्ये तेच आम्ल मर्यादेच्या कितीतरी वर निघालं, तेव्हा पास करा म्हणून फोनवर फोन आले. सरांनी शांतपणे नापासवर सही केली.

डेअरीवाल्या बाईंचा नमुना पास झाला; त्यांना यातलं काही कळलंच नाही. मी विचारलं, त्यांना सांगायचं का?

"काय सांगतं तिले? तिनं तं काही केलंच नोतं."

त्या दिवशी मी किती घाबरले होते, हे सरांना कधी बोलले नाही. माझ्या एका ओळीनं कुणाचं तरी दुकान बंद पडलं असतं. आज काकूंसमोर सांगते आहे. उशीर झाला.

आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहूया.

सर, जय भीम.