बिनस्क्रूचा दिवा

दवाखान्यात नंबरची वाट बघताना शिवणवाल्या काकूंनी मागे पाहिलं आणि त्या आपला दुखरा गुडघाच विसरल्या. मागे बसलेल्या डिझाइन कॉलेजच्या सरांचं बोट त्यांच्या विद्यार्थिनीने बनवलेल्या टेबललॅम्पमध्ये अडकलं होतं आणि तो दिवा तिनेच धरला होता.

“ओढू नकोस गं बाई!”

“पण सर, कारखान्यात झटपट जोडता आलं पाहिजे, असं तुम्हीच म्हणालात.”

“म्हणालो.”

“सुटे भाग कमी, स्क्रू तर नकोतच.”

“तेही म्हणालो.”

“मग? एका दाबात खटकन बसला की नाही?”

“बसला ना! माझ्या बोटासकट बसला!”

“अहो, माझ्या आधी तुम्हीच आत जा,” काकूंना राहवलं नाही.

“जातो, पण डॉक्टरांना सांगू काय? हा उघडतो कसा?”

“ते तर तुम्ही पुढच्या सत्रात शिकवणार आहात ना, सर?”